खतीबसर आणि हार घातलेली तसबीर

खतीबसरांनी माझा चेहरा एकदाच काढला आणि तो मला मुळीच आवडला नाही. सहामाही परीक्षा चालू होती, आम्ही दोघं एकाच हॉलवर सुपरव्हिजनला होतो. मी कुणा कॉपीबहाद्दराकडे डोळे वटारून बघत असताना या गृहस्थांनी खडूच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मला उतरवून टाकलं. "ही मी नव्हेच," मी म्हटलं. सर शांतपणे म्हणाले, "बाई, तुमी सोताक आरशात बगतास. आमी तुमका वर्गात बगतंव." पुठ्ठा घरी नेला, तर आमचे हे चष्मा लावून म्हणाले, "अगदी तूच गं!" दोन दिवस मी कुणाशीच धड बोलले नाही.

युनूस खतीब आमच्या शाळेत चित्रकला शिकवत, मी मराठी. मालवणच्या किनाऱ्यावरची माडांत लपलेली शाळा. मुलं बरीचशी गाबतांची, म्हणजे मासेमारांची, बाकीची शेतकऱ्यांची, आणि काही बंदराकडच्या मुसलमान घरांतली. सर त्याच बंदराचे. उंच, थोडे पुढे झुकलेले. पेन्सिलीला टोक सुरीनंच करायचे. कुणाकडे शार्पनर दिसला की म्हणायचे, "ता पेन्सिल खाता." बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघायचे. नवीन माणूस गोंधळून कानावर हात फिरवायचा, काही लागलंय की काय म्हणून. सरांचं म्हणणं होतं, "माणूस कानावरसून ओळकूचो. तोंड फसयता."

पंचक्रोशीत कुणी गेलं आणि भिंतीवर लावण्याजोगा फोटो नसला, की माणसं सरांकडे यायची. कुणी मतदान कार्ड घेऊन यायचं, कुणी लग्नाच्या ग्रुपफोटोत कोपऱ्यात अर्धा कापला गेलेला माणूस दाखवायचं. सर विचारायचे, रागावला की कसा दिसायचा, जेवताना मान कुठल्या बाजूला करायचा, कान मोठे होते का. मग आठवड्याभरानं तो माणूस कागदावर येऊन बसायचा. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत दिवाणखान्यातला आजोबा सरांच्या हातचा आहे.

पण पैगंबरांचं चित्र ते काढायचे नाहीत. कुठल्याच पैगंबराचं नाही. मुहम्मद पैगंबरांचं तर नावच नको, पण मूसा, नूह, इब्राहिम, कुणाचंच नाही. शाळेतल्या फर्नांडिस शिपायानं नाताळात येशूचं चित्र मागितलं, तर सरांनी त्याला गोठा, तारा आणि एक फार सुंदर गाय काढून दिली. "आमचो देव, तुमका कित्याक त्रास?" फर्नांडिस चिडला. "तुमचो देव, पण आमचो पैगंबर," सर म्हणाले. "गाय मात्र दोगांची." फर्नांडिसनं चित्र घेतलं, पण नाताळभर तो सरांचा चहा थंडच आणून द्यायचा.

गंमत म्हणजे सरांच्या घरात नावं सगळी पैगंबरांचीच. ते स्वतः युनूस, थोरला भाऊ इब्राहिम, पुतण्या मूसा. "आमच्याकडे पैगंबर जेवणाक बसले काय माशाची तुकडी पुरत नाय," असं म्हणायचे आणि लगेच स्वतःच कानांना हात लावायचे.

एका वर्षी शाळेच्या व्हरांड्याच्या भिंतीवर गोष्टींची चित्रं काढायची ठरली. सरांनी आपल्या वाट्याला युनूस पैगंबरांची गोष्ट घेतली. देवाचा निरोप पोचवायचं सोडून ते गलबतात बसून निघतात, वादळ होतं, लोक त्यांना समुद्रात टाकतात आणि एक प्रचंड मासा त्यांना गिळतो. सरांनी भिंतभर समुद्र काढला, हेलपाटणारं गलबत काढलं आणि मासा असा काढला की बघणाऱ्यानं दोन पावलं मागे सरावं. गाबतांची पोरं लगेच तपासायला आली; मोरी, म्हणजे शार्क, त्यांनी जाळ्यात बघितलेली.

"सर, ही मोरी काय?"

"मोरीच समज."

"मोरयेचां तोंड खालच्या अंगाक असता, सर."

सरांनी मुकाट्यानं तोंड पुसून खाली काढलं. मग एका पोरीनं विचारलं, "सर, पण माणूस खंय?"

"पोटात."

"दिसणा नाय तो."

"गो, पोटातलो कसो दिसात? मासो कापूया?"

सगळी शाळा हसली. पुढे कितीतरी दिवस काही हरवलं की आम्ही म्हणायचो, पोटात असेल. खतीबसरांचा विनोद म्हणून तो मासा प्रसिद्ध झाला. त्या विनोदाखाली काय होतं ते विचारायचं कुणाला सुचलं नाही. मला सुचलं, कारण मला नाक खुपसल्याशिवाय राहवत नाही. डबा खाताना मी विचारलं, "सर, नाव ठेवलेलं चालतं, मग चित्र का नाही?"

त्यांनी उत्तरादाखल जानकीची गोष्ट सांगितली. जानकीचा नवरा समुद्रावर गेला तो परतला नाही. फोटो एकच होता, तोही पाठमोरा होत असतानाचा. सरांनी तिला विचारून विचारून त्याचं चित्र केलं. ते बघून ती ओक्साबोक्शी रडली होती, असोच होतो, असोच होतो, म्हणून. पुढे काही वर्षांनी ती सरांना बाजारात भेटली आणि मोठ्या कौतुकानं म्हणाली, "सर, आता डोळे मिटले तरी माका तुमचोच फोटो दिसता."

"ती चांगलां म्हणान सांगी होती," सर म्हणाले. "पण माज्या पायाखालची वाळू गेली. बाई, तो चेरो माजो होतो. अंदाजान काडलेलो. मिया तिचो घोव पुसून टाकलंय." मग डब्याचं झाकण लावत त्यांनी आईचं बोलणं सांगितलं, "माजी आवस सांगी, पैगंबरांचो चेरो तू काडलंस तर तो तुजो जातलो, तेंचो नाय. जानकीचो एक घोव गेलो. हंय तर जगातल्या एवढ्या माणसांच्या मनातलो चेरो पुसलो जातलो."

 मी आपली भाकरी खाल्ली.

त्यांच्याच लोकांत याबाबत एकमत होतं असंही नाही. आखातातून परतलेला त्यांचा मेहुणा म्हणायचा, जीव असलेलं काहीच काढू नये, कयामतच्या दिवशी काढलेल्या प्रत्येक चित्रात प्राण फुंकायला सांगतील. सर म्हणायचे, "तेव्हा जानकीच्या घोवाक पयली फुंकर मारतंय." इतिहासाच्या तरुण मास्तरांनी एकदा मोबाईलवर जुनी इराणी चित्रं दाखवली. "सर, तुमच्यातच काढलेत की!" सर्वांत उत्साही माणूस नेहमी इतिहासाचाच असतो. एका चित्रात घोडा होता, ढग होते, चपलांची नक्षीसुद्धा होती, आणि घोड्यावर बसलेल्या पैगंबरांच्या तोंडावर पांढरा पडदा, डोक्याभोवती ज्वाळा. सर ते चित्र मोठं करकरून बघत राहिले. "सगळां काडल्यान," ते हळूच म्हणाले. "तोंडाकडे इलो आणि हात थांबलो. ह्या थांबणां माका समाजता." पुढच्या चित्रात तोंडही काढलेलं होतं. ते त्यांनी पटकन सरकवलं. "तेंका तसां वाटला, तेंनी काडल्यानी. माका जमाचा नाय." भांडण नाही, वाद नाही. मोबाईल परत दिला आणि तासाला गेले.

मग आमच्याकडे नवे हेडसर आले. मी त्यांच्याबद्दल वाईट बोलणार नाही. माणूस देवभोळा, कष्टाळू आणि सर्वांना सारखं वागवण्याचं मनावर घेतलेला. शाळेत जयंतीचा एक साचा ठरलेला असतो: खुर्चीवर पांढरं कापड, त्यावर तसबीर, तसबिरीला हार, उदबत्ती, नारळ, पाठ केलेली भाषणं आणि शेवटी गोड बुंदी. तसबिरींचं एक कपाटच आहे. त्या कपाटातून वर्षभर थोर माणसं आळीपाळीनं बाहेर येतात आणि परत आत जातात. हेडसरांच्या मनात आलं, सगळ्यांच्या जयंत्या करतो, मग मुहम्मद पैगंबरांचीच का नाही? ईद-ए-मिलादची सुट्टी असते म्हणून आदल्या दिवशी करू. खतीबसरांना किती बरं वाटेल! सर तेव्हा चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेच्या कामाला तालुक्याला जायचे. ते त्या दिवशी दुपारी परतणार होते. त्यांना आधी काही सांगायचं नाही, येतील तेव्हा सगळं मांडलेलं दिसेल, असं ठरलं.

पण तसबिरीशिवाय जयंती म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. क्लार्कनं इंटरनेटवर शोधून पगडी-दाढीवाला एक चेहरा काढला, बाजारात नेऊन मोठा छापून फ्रेम करून आणला. मला मुलींची भाषणं बसवायला सांगितली होती. नुसती भाषणं होतील असं मी धरून चालले होते; तसबीर मी पाहिली ती सभा सुरू झाल्यावर, हार घातलेली.  मी हेडसरांच्या कानाशी लागेपर्यंत खतीबसर मागच्या दारानं आत येऊन उभे होते.

त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. राग नव्हता. आपलं माणूस रस्त्यात उघडं पडलेलं दिसावं, तसं काहीतरी होतं. रांगांमधून ते पुढे आले, खिशातला मोठा रुमाल काढला आणि हारासकट ती तसबीर झाकली. हेडसर हातात नारळ घेऊन तसेच उभे. सर मुलांकडे वळून शाळेतल्या शुद्ध मराठीत म्हणाले, "चला, भाषणं सुरू करा." पहिली मुलगी उठली आणि रुमालाकडे बघत तिनं पाठ केलेलं भाषण एका दमात म्हटलं.

तोवर क्लार्कनं शाळेच्या ग्रुपवर दोन फोटो टाकलेले होते. एकात हार घातलेली तसबीर, दुसऱ्यात सर तिच्यावर रुमाल टाकताना. हे फोटो गावभर फिरले ते असे, की पहिला फोटो बंदराकडे पोचला आणि दुसरा आमच्या हिंदूंच्या वाडीत. बंदराकडे झालं, खतीबमास्तरानं शाळेत पैगंबरांची तसबीर पुजली, बहुतेक त्यानंच काढली, दुसरं कोण काढणार? वाडीत झालं, खतीबमास्तरानं भर सभेत हाराच्या तसबिरीवर फडका टाकला, आपल्या हेडसरांचा अपमान केला. एका माणसाला दोन्ही बाजूंनी एकाच दुपारी शिव्या बसाव्यात, असं नशीब वैऱ्याचंही नसो.

बंदरावरचे जाणते त्यांच्या घरी आले. चित्र सरांनी काढलेलं नाही हे त्यांना पटलं, माणसं समंजस होती. पण त्यातल्या सर्वांत वयस्काने विचारलं, "युनूस, इतकी वर्सां तू त्या शाळेत आसस. आणि तेंका एवढां पण ठाऊक नाय?" दुसऱ्या दिवशी हेडसर स्टाफरूममध्ये लाल डोळ्यांनी म्हणाले, "सर, आम्ही चांगल्या मनानं केलं हो. इतकी वर्षं तुम्ही कुणाला एका शब्दानं सांगितलं का नाही?"

सर काय सांगणार होते? माणूस पोटातच ठेवलेला तो भिंतीवरचा मासा तर त्या खिडकीतून दिसत होता.

मी न राहवून बंदराकडे गेले. मी सगळं बघितलं होतं. त्या घरांतल्या मुलींना मी शिकवलेलं. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, खारी दिली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुमी खतीबमास्तराची बाजू घेतल्याशिवाय कशा ऱ्हवतल्यात?" वाडीत माझ्या दिरानं विचारलं, "तुका कोणी मधी पडूक सांगितलां?" दोन्हीकडून मी तशीच परत आले.

शेवटी ग्रामपंचायतीत सभा झाली, पोलीसही आले. हेडसरांनी दोन्ही हात जोडून दोन्ही बाजूंची माफी मागितली. मग खतीबसरांनीही मागितली. कशाबद्दल, ते कुणी विचारलं नाही. टाळ्या वाजल्या, चहा आला आणि मिटलं असं सगळ्यांनी जाहीर केलं. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की तसबीर टेबलावर तशीच आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

तिचं करायचं काय? शाळा ठेवायला तयार नव्हती. फाडायला वाडीतला कुणी धजेना. आम्ही फाडली, असा उद्या नवा फोटो फिरायचा. बंदरावरच्यांनी म्हटलं, शाळेतली वस्तू, शाळेनंच बघायची. पोलीस म्हणाले, आमच्याकडे नको. एक एक माणूस चपला घालून बाहेर पडायला लागला. हेडसर सरांजवळ येऊन अजिजीनं म्हणाले, "सर, तुम्ही चित्रकार. तुमच्या हातून जे होईल ते योग्यच होईल." सरांनी पुडकं उचललं आणि काखेत धरून घरी गेले. त्यांना कुणी सोबत केली नाही, फर्नांडिस सोडून.

नंतर मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा पुडकं बाहेरच्या खोलीत एका खुर्चीवर होतं. सरांच्या पत्नीनं, आमच्या भाभींनी, माझ्यासाठी ती खुर्ची ओढली, वरचं पुडकं बघितलं आणि ती पुन्हा जागेवर ठेवली. सर सांगत होते, "इमामसाहेबांकडे गेलंय. ते म्हणाले, ही तसबीर तेंची न्हयच, म्हणान तिका अदब नको. पण लोकांनी तेंची समजान हार घातल्यानी, म्हणान फाडू पण नको. मगे काय करू म्हटलंय. तर म्हणाले, अल्लाक ठाऊक."

"समुद्रात सोडा," मी म्हटलं. आमच्याकडे भंगलेली मूर्ती, देवाचा जुना फोटो पाण्यात सोडतात. त्यांच्याकडेही कुराणाची जीर्ण पानं पाण्यात ‘थंड’ करतात, म्हणजे अदबीनं सोडतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं होतं.

"तोंडवलीच्या थंयसून होडी काडलंय. मधी गेलंय. सोडूक हात पुढे केलंय आणि मनात इला, अदबीन सोडलंय तर ही तेंचीच म्हणान मानलंय, असां जाता. आणि अशीच भिरकावलंय तर बगणारो होडयेवालो काय म्हणात? तो वाट बगी होतो. सर, सोडतास? मिया म्हटलंय, होडी फिरव."

मग त्यांनी एकदम आवाज खाली आणला. "आणि बाई, एक सांगू? मिया ती एकदा उगडून बगलंय. चित्रकार म्हणान. तो कोण तरी गरीब माणूस आसा. खंयच्या तरी मुलखातलो. चित्रकारासमोर मॉडेल म्हणान बसलेलो. कान बारके, एक वायच दुमडलेलो. दमलेलो दिसता. तेका ठाऊकच नाय, तेका आमी काय करून ठेवलांव ता." ते हसले, पण हसू ओठांवर टिकलं नाही. "तेका कसो फाडू?"

मला त्यांचा फार राग आला. एवढा चांगुलपणा कुणाला परवडतो? म्हटलं, माझ्याकडे द्या, मी काय करायचं ते करते. त्यांनी मान हलवली. "तुमच्याकडे गावली तर तुमका दोनय बाजूंनी खातीत." ते खरंच होतं. आमचे हे नुकतेच आजारातून उठलेले, घर वाडीच्या मधोमध. मी पुन्हा मागितली नाही, आणि मागितली असती तरी त्यांनी दिली नसती.

त्या वर्षी त्यांच्याकडे मेलेल्या माणसांचे फोटो यायचे थांबले. कुणी ठरवून थांबवले नाहीत. बाजारात आता फोटो मोठे करून मिळतातच. बंदरावर सलामाला सलाम मिळायचा, पण पुढचं बोलणं नसायचं. वर्गात ते पानं, फळं, घडे, डोंगर शिकवत. एका मुलानं "सर, माझं तोंड काढा ना" म्हटलं तर त्यांनी त्याला त्याच्या हाताची आकृती काढून दिली. निवृत्तीला अजून अवकाश होता, तरी त्यांनी अर्ज दिला. मुलगी रत्नागिरीला असते. भाभी म्हणाल्या, "आता थंयच जाव. हंय ह्यांका कोण काय म्हणत नाय, ह्याच सोसणा नाय."

त्यांना सोडायला मी कोकण रेल्वेच्या नांदगाव रोड स्टेशनवर गेले होते. फर्नांडिसनं सामान चढवलं: पिशव्या, कोकमाच्या बाटल्या, रंगांची पेटी, गाद्यांचं बोचकं. सर खिडकीशी बसले होते. पुडकं त्यांच्या मांडीवर होतं. आता त्यावर स्वच्छ चादरीचा तुकडा शिवलेला होता.

"सीटखाली सरकवा ओ," भाभी म्हणाल्या. "इतको येळ घेऊन बसतालास?"

सरांनी खाली बघितलं, लोकांच्या चपला होत्या तिथे, आणि मान हलवली. समोरच्या बाकावरचा एक तरुण उठला, भला मुलगा होता. "चाचा, द्या इकडे, वर रॅकवर ठेवतो."

सरांनी वर बघितलं. सगळ्यांच्या डोक्यांच्या वरची ती जागा त्यांनी जरा वेळ न्याहाळली आणि पुन्हा मान हलवली. "नको बाबा. ऱ्हवांदे हंयच."

"काच आहे का आत?"

"व्हय," सर म्हणाले. "काच आसा."

 सगळं आयुष्य मी शब्दांचा धंदा केला, आणि "पोचल्यावर फोन करा" एवढंच बोलले. गाडी हलली. मी आणि फर्नांडिस फलाटावरून हात हलवत राहिलो. भाभींनी रुमाल हलवला. सरांनी आमच्याकडे बघून मान डोलावली, पण हात केला नाही. दोन्ही हात त्या पुडक्याला लागलेले होते.